लहान गिटार ॲम्पसाठी घरच्या घरी स्टँड: उंची किती आणि कल किती ठेवावा?

खर्जाची_तार (पुणे)

नमस्कार. माझ्याकडे २० वॉटचा, ८ इंची स्पीकरचा एक लहान गिटार ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे. त्याचे खोके ३८ सेंमी रुंद, ३५ सेंमी उंच आणि १९ सेंमी खोल असून वजन साडेपाच किलोच्या आसपास भरते; पाठीमागची बाजू अर्धी उघडी आहे. सध्या तो जमिनीवर, भिंतीला लागून असतो आणि मी त्याच्यापासून सुमारे दीड मीटरवर बिनहातांच्या खुर्चीत बसून वाजवतो. खोली दहा बाय बाराची असल्यामुळे याहून लांब बसणे शक्य नाही.

अडचण अशी, की मला ऐकू येणारा आवाज दबलेला वाटतो, म्हणून मी ट्रेबल वाढवत जातो. पण समोर सतरंजीवर बसलेल्या मित्राला तोच आवाज कानाला टोचतो. ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून पाहिला, तेव्हा आवाज मोकळा झाला खरा, परंतु काही ठरावीक स्वरांना खुर्चीची बैठकच थरथरू लागली आणि ॲम्प हळूहळू कडेकडे सरकू लागला. दुकानात पाहिलेले नळ्यांचे घडीचे स्टँड मोठ्या ॲम्पच्या मापाचे होते; त्यांच्या दोन दांड्यांमध्ये माझा ॲम्प नीट बसत नव्हता.

म्हणून लाकडी स्टँड घरीच करावा, असा विचार आहे. हातकरवत, गुण्या, कानस, साधे ड्रिल मशीन आणि दोन क्लॅम्प एवढी हत्यारे माझ्याजवळ आहेत. उंची किती ठेवावी, ॲम्प मागे कलवावा का आणि कलवायचा तर किती, प्लायवूड घ्यावे की सागवान, हे मला ठरवता येत नाही. शिवाय खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बासचा त्रास होतो, तो स्टँडमुळे कमी होईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

लहर_आणि_लांबी

तुम्हाला आणि तुमच्या मित्राला एकाच वेळी दोन वेगळे आवाज ऐकू येतात, यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. स्पीकरमधून निघणारा आवाज सर्व दिशांना सारखा पसरत नाही. ज्या स्वरांची तरंगलांबी स्पीकरच्या पडद्याच्या व्यासापेक्षा बरीच मोठी असते ते चहूकडे पसरतात. तरंगलांबी व्यासाइतकी किंवा त्याहून लहान झाली, की आवाज टॉर्चच्या झोताप्रमाणे समोर एकवटू लागतो. ८ इंची स्पीकरचा हलणारा पडदा प्रत्यक्षात साधारण १७ सेंमी व्यासाचा असतो आणि हवेत १७ सेंमी तरंगलांबी सुमारे २००० हर्ट्झला येते. गिटारच्या आवाजातली धार, म्हणजे तारेवर पडणाऱ्या पिकचा (तार छेडायच्या लहान चकतीचा) ठसठशीतपणा, नेमकी २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. म्हणजे धार झोताने पुढे जाते आणि बास खोलीभर पसरतो.

आता तुमची मापे घालून पाहू. ॲम्प जमिनीवर असताना स्पीकरचा मध्य जमिनीपासून साधारण १६ सेंमीवर येतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान ११५ ते १२० सेंमी उंचीवर असतो. दीड मीटर अंतर धरले, तर तुमचा कान स्पीकरच्या सरळ रेषेपासून सुमारे ३४ अंश वर आहे, आणि उभे राहून वाजवलेत तर तो कोन ४० अंशांच्याही पुढे जातो. तुमचा मित्र मात्र जमिनीवर बसल्यामुळे त्या झोताच्या बराच जवळ आहे. तुम्ही वाढवलेला सगळा ट्रेबल त्याच्या वाट्याला जातो.

उपाय दोन आहेत: ॲम्प उंच करणे किंवा तो मागे कलवणे. माझ्या मते कलाला पहिला मान द्यावा. निव्वळ उंचीने स्पीकर कानाच्या रेषेत आणायचा, तर ॲम्प एक मीटरभर उचलावा लागेल. तेवढा उंच आणि अरुंद स्टँड घरात धोक्याचा असतो. शिवाय जमिनीलगत ठेवलेल्या स्पीकरच्या बासला जमिनीच्या परावर्तनाची साथ मिळते, आणि ही भर तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. लहान ॲम्पचा बास मुळातच बेताचा असल्यामुळे तो फार उंचावर नेला, की आवाज स्पष्ट होतो पण पातळ वाटू लागतो. २० सेंमी उचलून २० अंश मागे कलवला, तर स्पीकरचा मध्य ३५ सेंमीच्या आसपास येईल, आणि तिथून तुमच्या कानाकडे जाणारी रेषा जमिनीशी २८-२९ अंशांचा कोन करेल. म्हणजे कान झोताच्या मध्यापासून ८-९ अंशच बाजूला राहील. हे थोडेसे अंतर राहू द्यावे, असेच मी सुचवेन, कारण अगदी नेमक्या रेषेत बसून ऐकलेला गिटार ॲम्प कर्कश वाटतो.

मागे कलवण्याची ही कल्पना जुनी आहे. फेंडर कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या ॲम्पच्या दोन्ही अंगांना मागे वळणारे धातूचे पाय दिले, ते याच कामासाठी. त्यांचा ट्विन रिव्हर्बसारखा २९ किलोंच्या घरातला ॲम्पही त्या पायांवर रेलून उभा राहतो.

स्टँड झाल्यावर ट्रेबलचे बटण मध्यावर आणून तिथून नव्याने जुळवा. आजची जुळवणी तशीच ठेवलीत, तर नव्या जागी ती टोचेल.

सुतारपेटी

ध्वनीचे गणित वर नेमके मांडले आहे, म्हणून मी थेट बांधणीकडे वळतो. २० अंशांचा कल मलाही योग्य वाटतो, पण माझे कारण वेगळे आहे, आणि ते तोलाचे आहे.

खोके मागे कलवले, की त्याचा भारमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर त्याचे सगळे वजन तोलले जाते तो, मागे सरकतो, आणि खोके जितके उंच व अरुंद तितका तो जास्त सरकतो. तुमच्या ॲम्पचा भारमध्य पुढच्या कडेपासून ९ सेंमी आत आणि तळापासून १८ सेंमी वर आहे, असे धरू. २० अंश कलवल्यावर तो पुढच्या खालच्या कडेपासून सुमारे साडेचौदा सेंमी मागे येतो, आणि खोक्याची मागची खालची कड असते १८ सेंमीच्या थोडी अलीकडे. म्हणजे सव्वातीन सेंमी शिल्लक राहतात. २५ अंशांना ही शिल्लक दीड सेंमीहूनही कमी उरते आणि ३० अंशांना भारमध्य मागच्या कडेच्या बाहेर जातो, म्हणजे आधार नसेल तर ॲम्प उताणा पडतो. यातून एवढे ठरते, की स्टँडचा पाया खोक्याच्या खोलीपेक्षा बराच मागे गेला पाहिजे आणि ॲम्पला पाठ टेकायला जागा मिळाली पाहिजे. नुसते तिरके टेबल करून भागणार नाही.

मी धरलेले ९ आणि १८ हे आकडे स्वतः तपासून घ्या. त्याला वजनकाटा लागत नाही. ॲम्प टेबलावर उभा ठेवून, कुणाला तरी समोर हात धरून उभे करून, तो कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. तो कलू लागेल तेव्हा टेबलाची कड ज्या रेषेखाली असेल, ती रेषा म्हणजे त्याचा पुढून-मागचा मध्य. मग ॲम्प पाठीवर आडवा ठेवून, वरची बाजू कडेबाहेर सरकवत, उंचीतला मध्य तसाच काढा. रंगीत टेपचा तुकडा लावून दोन्ही खुणा करून ठेवा.

लाकडाचे म्हणाल तर १८ मिमी प्लायवूड घ्या. सागवान मला प्रिय आहे, पण या स्टँडच्या बाजूच्या फळीला पाठीचा जो हात वर जातो, तो अखंड लाकडात रेषेच्या दिशेने चिरण्याची भीती असते. प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असल्याने ती भीती राहत नाही. घरातल्या वापराला आयएस ३०३ या भारतीय मानकाचे साधे प्लाय पुरेसे आहे. अडीच बाय दोन फुटांच्या एका तुकड्यात सगळे भाग बसतात, त्यामुळे अख्खी आठ बाय चारची शीट घेऊ नका. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा घराजवळ फर्निचरचे काम चालू असेल तिथे उरलेला तुकडा मागा. घेताना कड नीट पाहा: थरांमध्ये पोकळी दिसत असेल, तर तो तुकडा घेऊ नये, कारण स्क्रू नेमका तिथेच सुटतो.

आता आकार. आधी पुठ्ठ्यावर एका बाजूच्या फळीचा नमुना काढा. जमिनीची रेषा ३६ सेंमी लांब ओढा आणि तिच्या पुढच्या टोकाला शून्य म्हणा. शून्यापासून ४ सेंमी मागे आणि २० सेंमी वर पहिला बिंदू घ्या. ही बैठकीची पुढची कड. दुसरा बिंदू २१.९ सेंमी मागे आणि १३.५ सेंमी वर. हा बैठक आणि पाठ यांचा कोपरा. तिसरा २९.४ सेंमी मागे आणि ३४.२ सेंमी वर; हे पाठीचे टोक. तिथून वरची कड साडेतीन सेंमी मागे न्या आणि मग सरळ रेषेत मागच्या पायाला, म्हणजे ३६ सेंमीच्या खुणेला, आणून भिडवा. पुढून शून्य आणि पहिला बिंदू जोडा. कोपऱ्यावर गुण्या लावून पाहा. बैठक आणि पाठ यांच्यात काटकोन आला, तर बाकीची मापे बरोबर आहेत असे समजा. या नमुन्यात ॲम्पचा भारमध्य पुढच्या पायापासून १८.६ सेंमीवर, म्हणजे ३६ सेंमीच्या पायाच्या जवळजवळ मधोमध पडतो. कुणी चालता चालता धक्का दिला, तरी पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखी जागा राहते.

तळाची कड सलग ठेवू नका. दोन्ही टोकांना पाच-पाच सेंमी सोडून मधला भाग एक सेंमी कोरून काढा, म्हणजे स्टँड चार टोकांवरच टेकेल आणि शहाबादी किंवा जुन्या मोझॅकच्या असमान फरशीवर डुगडुगणार नाही.

सगळे मुख्य काप सरळ असल्यामुळे हातकरवतीने काम होते. बैठक आणि पाठ जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात आधी ८ मिमीचे भोक पाडा आणि दोन्ही बाजूंनी करवत त्या भोकापर्यंत आणा. त्यामुळे काप कोपऱ्यापलीकडे जात नाही आणि तिथे चीरही धरत नाही. कापण्याच्या रेषेवर कागदी टेप चिकटवून वरून कापले, तर प्लायचा वरचा पापुद्रा उडत नाही. दोन्ही फळ्या कापून झाल्या, की त्या एकावर एक क्लॅम्पमध्ये आवळून कडा एकत्रच कानसा. जोडीने कानसलेल्या फळ्या एकसारख्या होतात, आणि स्टँड पुढे कधीच एका पायावर उभा राहत नाही.

दोन फळ्यांना जोडणारे आडवे तुकडे तीन लागतात. ॲम्पची रुंदी ३८ सेंमी आहे. फळ्या त्याच्या दोन्ही बगलांच्या बरोबर खाली याव्यात म्हणून १८ मिमीच्या दोन फळ्या वजा करून तुकड्यांची लांबी ३४.४ सेंमी ठेवा. दोन तुकडे ७ सेंमी रुंदीचे, बैठकीच्या उतारातच सपाट बसवायचे, एक पुढे आणि एक मागे. त्यांच्यावर ॲम्पचे स्वतःचे रबरी पाय टेकतील, म्हणून पायांमधले अंतर आधी मोजून त्यांची जागा ठरवा. तिसरा तुकडा १० सेंमी उंचीचा, मागच्या पायांमध्ये उभा लावायचा. स्टँड डावी-उजवीकडे झुलू नये याची सगळी जबाबदारी या तिसऱ्या तुकड्यावर असते, तेव्हा तो टाळू नका. पाठीच्या वरच्या भागात मात्र आडवी फळी लावू नका. ॲम्पची पाठ उघडी आहे, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या खोक्याच्या बगलांनाच टेकणार असल्याने मागचा आवाज अडत नाही.

जोडाला फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही हवेत. स्क्रू ८ नंबरचे, ५० मिमी लांबीचे घ्या आणि प्रत्येकासाठी आधी ३ मिमीचे भोक पाडा, कारण प्लायच्या कडेत भोकाशिवाय स्क्रू घातला, की थर फाकतात. काळे ड्रायवॉल स्क्रू ठिसूळ असतात. ते इथे नकोत. क्लॅम्प लावून गुण्याने काटकोन तपासा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि पूर्ण एक दिवस त्याला हात लावू नका.

शेवटी कडांना लांबी (पुट्टी) भरून १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि हवा तो रंग किंवा मेलामाइन द्या. तळाच्या चार टोकांना रबराचे तुकडे आणि पाठीच्या आतल्या कडेला नमद्याची पट्टी चिकटवा. पुढे थांबपट्टी लागत नाही, कारण कलामुळे ॲम्पचे वजन त्याला सतत पाठीकडेच ओढते.

संध्याकाळचा_रियाज

वरची रचना उत्तम आहे, पण लाकूड आणण्यापूर्वी एक स्वस्त पायरी करून पाहावी, असे मला वाटते. ॲम्पच्या पुढच्या दोन पायांखाली ३ सेंमी जाडीची लाकडी पट्टी सरकवा. पुढच्या आणि मागच्या पायांत १४ सेंमी अंतर असेल, तर एवढ्याने ॲम्प १२ अंश कलतो, आणि जमिनीलगतचा बासही शाबूत राहतो. घरातल्या सरावाला अनेकदा एवढेच पुरते. थोडी उंची हवी असेल, तर घरातला पूजेबाहेरचा एखादा जुना पाट किंवा चौरंग खाली घ्यावा. चौरंग रुंद आणि बुटका असल्यामुळे प्लास्टिकच्या खुर्चीपेक्षा कितीतरी भक्कम असतो.

ॲम्प भिंतीपासूनही थोडा पुढे ओढून पाहा. पाठ उघडी असलेल्या खोक्याचा मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि अंतर बदलले की बासचा पोत बदलतो. वीतभरापासून हातभरापर्यंत निरनिराळ्या अंतरांवर ऐकून मगच जागा ठरवा. स्टँड केलात, तरी हे करावेच लागेल.

सुतारपेटी

पट्टीचा उपाय मला मान्य आहे, मात्र १२ अंशांच्या पुढे जाऊ नये. स्वतःच्या पायांवर उभा असलेला ॲम्प मागे पडतो, तो खोक्याच्या कडेवरून नाही, मागच्या पायांवरून. आणि हे पाय कडेपासून दोन-अडीच सेंमी आत असतात. त्यामुळे १२ अंशांना साडेतीन सेंमीची शिल्लक असली, तरी २० अंशांना ती एका सेंमीवर येते, आणि गिटारच्या केबलला बसलेला एक हिसका तेवढी खाऊन टाकतो. मुले किंवा मांजर असलेल्या घरात पट्टीवर कलवलेला ॲम्प भिंतीजवळच ठेवावा.

मांडवीच्या_काठी (पणजी)

आमच्याकडे गोव्यात गिटार घेऊन घराबाहेर पडणे नेहमीचे असते. कुणाच्या अंगणात, कधी समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये लहान ॲम्प लावून वाजवतो. तिथे जोडून पक्का केलेला स्टँड दुचाकीवर नेता येत नाही, म्हणून मी खाचेत बसणाऱ्या दोन फळ्यांचा स्टँड वापरतो. दोन फळ्यांना अर्ध्या उंचीपर्यंत खाच पाडलेली असते, एकीला वरून आणि दुसरीला खालून. एकमेकींत सरकवल्या, की वरून पाहताना फुलीचा आकार होतो. वरच्या कडांना बैठक आणि पाठ यांचा काटकोनी उतार कापलेला असतो आणि ॲम्प त्या चार हातांत रेलतो. स्क्रू लागत नाही, आणि सुटा केला की दोन्ही फळ्या गिटारच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात मावतात.

यात सगळे यश खाचेच्या रुंदीवर आहे. १८ मिमी म्हणून विकलेले प्लाय मोजले, तर अनेकदा थोडे कमी भरते; म्हणून आकड्यावर न जाता फळीचाच तुकडा उभा धरून पेन्सिलीने खाच आखावी आणि रंगाच्या थरापुरती जागा वाढवावी. खाच सैल झाली, तर स्टँड वाजताना खटखटतो. घट्ट झाली, तर पावसाळ्यात लाकूड फुगून फळ्या एकमेकींतून निघत नाहीत.

दमट हवेचा अनुभव म्हणून आणखी सांगतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आयएस ७१० चे मरीन प्लायच घ्यावे, आणि रंग देताना फळीच्या दोन्ही बाजूंपेक्षा कडांना जास्त हात द्यावेत, कारण पाणी थरांच्या कडेतून आत शिरते. साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत लवकर गंजतात आणि प्लायवर तपकिरी ओघळ येतात. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरावे. वाळूवर मात्र कोणताही स्टँड सरळ उभा राहत नाही, तिथे खाली एक फळी घालावीच लागते.

खर्जाची_तार (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आधी पट्टी लावून पाहिली. फरक ताबडतोब कळला आणि ट्रेबल बराच खाली आणता आला. त्यानंतर सुतारपेटी यांच्या मापांनी स्टँड केला. माझ्या ॲम्पचा उंचीतला मध्य १९ सेंमीवर निघाला, पण पाया ३६ सेंमीचा असल्याने माप बदलावे लागले नाही. आता खुर्चीत बसल्यावर पिकचा प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो, आणि मित्राचीही तक्रार राहिलेली नाही.

दोन गोष्टी उरल्या आहेत. सहाव्या तारेवर गिटारच्या तिसऱ्या-चौथ्या पट्टीच्या (फ्रेटच्या) आसपास वाजवले, की कुठून तरी बारीक झणझण येते. ॲम्प जमिनीवर असताना ती येत नव्हती. आणि शेजाऱ्यांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अजून हवे आहे.

सुतारपेटी

झणझण शोधण्याची रीत सोपी आहे. सहाव्या तारेचा तो स्वर पुन्हा पुन्हा वाजवायला कुणाला तरी बसवा आणि तुम्ही स्टँडच्या एकेका भागावर तळहात दाबत जा. हात ठेवताच आवाज थांबला, की तो भाग सापडला. सहसा यातले काहीतरी निघते: पाठीचा हात आणि खोके यांच्यामध्ये एका बाजूला राहिलेली कागदाएवढी फट, सैल राहिलेला एखादा स्क्रू, किंवा ॲम्पच्या मागून लोंबून फळीला लागणारी वीजेची केबल. फट असेल, तर त्या बाजूला नमद्याचा आणखी एक थर द्या. केबल असेल, तर तिला मागच्या उभ्या तुकड्याला कापडी पट्टीने बांधा. हे सगळे करूनही आवाज राहिला, तर ॲम्पच्या मागच्या पत्र्याचे आणि मुठीचे स्क्रू तपासा. कललेल्या स्थितीत मुठीची कडी दुसऱ्याच बाजूला टेकते आणि तीच वाजू लागते.

लहर_आणि_लांबी

शेजाऱ्यांपर्यंत आवाज दोन वाटांनी जातो. खोक्याची थरथर पायांतून फरशीत आणि स्लॅबमध्ये उतरते, आणि हवेतला आवाज भिंती व स्लॅब यांना हलवून पलीकडे जातो. स्टँड आणि त्याखालचे रबर पहिली वाट बऱ्यापैकी अडवतात. दुसऱ्या वाटेवर त्यांचा उपयोग नाही. मोकळी वाजवलेली सहावी तार ८२ हर्ट्झची असते, म्हणजे तिची तरंगलांबी चार मीटरांच्या वर जाते, आणि एवढ्या लांब लहरीला घरातली विटांची भिंत पूर्णपणे अडवू शकत नाही. ॲम्प जमिनीपासून उचलल्यामुळे बासला मिळणारी जमिनीची साथ थोडी कमी झाली आहे, तेवढा फायदा खालच्यांनाही मिळेल. याहून जास्त हवे असेल, तर बासचे बटण खाली आणणे आणि कोपऱ्यापासून ॲम्प दूर ठेवणे हाच मार्ग आहे; दोन भिंतींच्या कोपऱ्यात बास आणखी फुगतो.

शेजाऱ्यांना एकदा नेमके विचारा, की त्यांना गुंजन ऐकू येते की ठोका. ठोका ऐकू येत असेल, तर बहुधा तो ॲम्पचा नसून ताल धरताना फरशीवर आपटणाऱ्या पायाचा असतो. पायाखाली जाड सतरंजी किंवा रबरी चटई घातली, की तो थांबतो.

काचेची_नळी (नागपूर)

हा धागा मला फार उपयोगी पडला. माझ्याकडे १५ वॉटचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, ॲम्प आहे. १२ इंची स्पीकर, वजन सुमारे १४ किलो. हीच मापे प्रमाणात वाढवून चालतील का?

सुतारपेटी

प्रमाणात वाढवून चालणार नाहीत. व्हॉल्व्हच्या अशा ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि सगळी चॅसी (आतला धातूचा सांगाडा) बहुतेक वेळा खोक्याच्या वरच्या भागात असते, त्यामुळे भारमध्य उंचीच्या अर्ध्यापेक्षा वर जातो आणि कलवल्यावर जास्त मागे सरकतो. टेबलाच्या कडेवर तो आधी काढा, पण १४ किलोंच्या ॲम्पला धरायला समोर माणूस हवाच, आणि ॲम्प पूर्ण गार झाल्यावरच हे करा. भारमध्य पायाच्या मधल्या तिसऱ्या भागात पडेल इतका पाया मागे वाढवा. बैठक १० ते १२ सेंमीपेक्षा उंच नको. १२ इंची स्पीकरचा मध्य आधीच वर असतो. कल १५ अंशांवर थांबवा आणि पाठीचे हात खोक्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत न्या.

प्लाय १८ मिमीचेच चालेल, पण प्रत्येक जोडात स्क्रूबरोबर ८ मिमीच्या दोन लाकडी खुंट्याही गोंदासह बसवा, कारण हे वजन रोज उचलून ठेवताना जोडाला बाजूने धक्का बसतो. व्हॉल्व्ह तापतात आणि त्यांची हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. म्हणून पाठीचे हात जाळीवर येत नाहीत ना, हे पुठ्ठ्याचा नमुना ॲम्पच्या मागे धरून पाहा आणि मगच प्लाय कापायला घ्या.